रस्त्यापलीकडची चारची पंगत

देवबागात रस्ता एकच. डावीकडे खाडी, उजवीकडे समुद्र, आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही सगळे एकमेकांच्या ताटात बघत राहतो. माझी खानावळ रस्त्याच्या खाडीच्या अंगाला. बावीस टेबलं, वर पत्रे, पत्र्यांवर झावळ्या, आणि समोर एवढा मोठा दिव्यांचा बोर्ड की रात्री समुद्रातले तांडेल दीपस्तंभ सोडून माझ्या बोर्डाकडे बघून होडी हाकतात. विचारा हवं तर. माझा आवाजही त्याच मापाचा. मी मोरीकडे बघून ओरडलो की खाडीपलीकडे भोगव्यात कोणाच्यातरी हातातली कपबशी खाली पडते.

असा मी माणूस, आणि मला हेवा वाटायचा सहा टेबलांच्या खानावळीचा.

ती माझ्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. मालकीण ख्रिश्चन बाई. मूळची इथलीच, पण बरीच वर्षं गोव्यातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढून परत आलेली. तिने वडिलांच्या घराची पडवी झाडली, सहा टेबलं टाकली, दारात हाताने रंगवलेली एक फळी टांगली आणि सुरू. पहिल्या दिवशी ती मला भेटायला आली, घरी भाजलेला केक घेऊन, आणि म्हणाली की शेजार आहे, सांभाळून घ्या. मी मोठ्या मनाने म्हटलं, काही अडलं तर विचारा. तिने कधी काही विचारलं नाही. तिथूनच माझं बिनसलं.

तिच्या गिऱ्हाइकांचा मला हेवा नव्हता. बावीस टेबलांच्या माणसाला सहा टेबलांचा कसला आलाय हेवा. मला सहन व्हायचं नाही ते तिच्या माणसांचं हसणं. दुपारी चारच्या सुमाराला, गिऱ्हाईक संपलं की, तिच्या मागच्या अंगणातून हसण्याचा एक लोट उठायचा आणि रस्ता ओलांडून माझ्या गल्ल्यावर येऊन बसायचा. माझ्याकडे त्या वेळी काय? भांड्यांचा आवाज, आणि माझा.

शिवाय माझ्याकडे माणूस टिकायचा नाही. एक जण सकाळी पिशवी घेऊन आला आणि पहिल्या चहाला परत गेला. पिशवीची गाठसुद्धा त्याने सोडली नव्हती. आंबोलीहून एक जण एसटीने निघाला, वाटेत सावंतवाडीच्या स्टॅंडवर कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं, आणि तो तिथूनच माघारी गेला म्हणतात. तिच्याकडे पहिल्या दिवशी होती ती माणसं अजून तशीच. तशीच म्हणजे काय, वाढलेली. भांडी घासणारी बाई पर्यटकांशी हिंदीत बोलून खोल्यांचं बुकिंग घेऊ लागली. आणि सगळ्यांत मला झोंबला तो तिचा वाढपी. चाळिशीचा, जरा अडखळत बोलणारा. हा आधी माझ्याकडे होता. माझ्याकडे असताना तो माझ्यासमोरून गेला की ताट पडायचं. त्याच्या हातून फुटलेल्या ताटांच्या तुकड्यांनी मी खाडीकडचा बांध घातला असता. मी त्याला काढला. त्याच माणसाला तिने उचलला, आणि आता तो एका हातावर चार ताटं घेऊन नाचत जायचा आणि गिऱ्हाइकाला आजचा मासा कुठला, तो कसा तळलाय, सगळं सावकाश सांगायचा. अडखळायचा, पण थांबायचा नाही. गिऱ्हाईकही थांबून ऐकायचं. मी समोरून बघत बसायचो आणि मनात म्हणायचो, पाड रे, एक तरी पाड.

एकही पडलं नाही.

मग मी टेहळणी सुरू केली. माझ्याच जागेचा एक तुकडा रस्त्याच्या त्या बाजूला, तिच्या कुंपणाला लागून आहे. चार माड आहेत त्यात. चार वाजले की मी नारळ बघायला म्हणून तिथे जाऊ लागलो. कुंपण माडाच्या झापांचं. त्यात बोट जाईल एवढं भोक होतं. रोज थोडं थोडं मोठं करता करता महिन्याभरात त्यातून गाभण म्हैस गेली असती. एके दिवशी मी तिथे डोळा लावून उभा, तर पलीकडून कुंपणावरून एक प्लॅस्टिकची खुर्ची आली. पाठोपाठ बाईचा आवाज.

"भाऊ, बसान आयका. उबे रवान अर्धाच आयकाक येता."

मी म्हटलं, नारळ बघतोय. तीन दिवस तिकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी खुर्ची तिथेच होती म्हणून बसलो. खुर्ची वाया जाऊ नये.

तर ते असं चालायचं. गिऱ्हाईक संपलं की सगळी माणसं अंगणात गोल बसायची, मालकिणीसकट, आणि जेवायच्या आधी प्रत्येकाने दिवसभरातली आपली चूक सांगायची. पहिली चूक मालकिणीची. ती सांगायची, आज मी अमक्या गिऱ्हाइकाला उगाच तोडून बोलले. किंवा, पीठ मी भिजवलं आणि झाकायला विसरले, सुकलं. मग पुढचा. कोणी कोणाला ओरडायचं नाही. फक्त विचारायचं, मग उद्या काय करूया? आणि ज्याच्या चुकीतून बाकीच्यांना जास्त शिकायला मिळालं, त्याच्या ताटात त्या दिवशीची गाबोळी. आता आमच्या भागात माशाच्या पोटातली ही अंड्यांची गाबोळी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. घरात ती मिळते जावयाला, नाहीतर आजाऱ्याला. भावंडांची भांडणं झाली आहेत तिच्यावरून. ती ही बाई चूक करणाऱ्याला वाढत होती. आणि तो माझा ताटफोड्या, त्याने मी बघत असताना ओळीने दोनदा मिळवली.

मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? हे तर मी उद्यापासून करतो, आणि मोठ्ठं करतो.

दुसऱ्या दिवशी मी सुरमईची गाबोळी आणली, शहाळ्याएवढी. चार वाजता सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, सांगा चुका. कोणी बोलेना. मी म्हटलं, घाबरू नका. घाबरू नका हे मी ज्या आवाजात म्हटलं, त्याने वरचे दोन कावळे उडाले. कोणीतरी खाली मान घालून म्हणालं, आधी मालकाने सांगायची असते ना? म्हणजे ह्यांनाही पलीकडचं सगळं माहीत होतं! मी म्हटलं, माझी चूक असती तर सांगितली असती, आज झाली नाही. पुढचा.

शेवटी सोलकढी करणारा एक जण धीर करून म्हणाला की काल त्याने सोलकढीत मीठ दोनदा घातलं. आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, आधीच मीठ असतं. त्याने आगळ घातलं आणि वर पुन्हा मीठ घातलं. चूक साधी. पण काल त्याच सोलकढीवरून पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला मी अर्धा तास बजावलं होतं की समुद्राकाठची अस्सल सोलकढी ही अशीच असते, ज्याला सोसत नाही त्याने ताक प्यावं. ते आठवलं आणि माझा ताबा सुटला. मी काय काय बोललो ते लिहीत नाही. त्यानंतर कोणाची काही चूक नव्हती. गाबोळी शेवटी मीच खाल्ली. ती घशाखाली उतरली नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण फार सुरेख झाली होती.

आता माझ्या स्वयंपाकीणबाईबद्दल सांगायला हवं, कारण खरं काय ते तिच्यापाशी आहे. खानावळ सुरू झाली तेव्हापासून ती माझ्या चुलीशी. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची, म्हणून मी तिला बाय म्हणतो. बोलणं कमी. तिच्या हातचा तिरफळाचा बांगडा ही माझ्या खानावळीची शान. माझ्या बोर्डावर तो माणसाएवढ्या अक्षरांत लिहिला आहे. तिरफळ सगळेच घालतात बांगड्याला, पण आमच्याकडे इतकं घालतात की जिभेला मुंग्या येतात आणि खाणारा डोळे मिटून घेतो. मोबाईल घेऊन जेवणाची चित्रं काढत फिरणारी मुलं आली की मी त्यांना सांगायचो, ही कृती माझ्या खापरपणज्याला एका पोर्तुगीज कप्तानाने दिली, बुडत्या जहाजावरून वाचवलं म्हणून. ती मुलं ते जगभर सांगायची. बाय चुलीशी उभी असायची, पाठ करून.

तर ही बाय एके दिवशी चार वाजता पदराला हात पुसत रस्ता ओलांडताना मी पाहिली. सरळ पलीकडच्या बाईच्या अंगणात गेली. माझ्या खुर्चीत बसून मी पाहिलं, ती गोलात बसली होती. आणि बोलत होती, इतकं हळू की माझ्या खुर्चीपर्यंत शब्द पोचेना. माझ्या चुलीशी इतक्या वर्षांत ती जेवढं बोलली नसेल तेवढं तिथे पाच मिनिटांत. मग सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर तीही. बायचे पुढचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

बायको दुसऱ्याच्या स्कूटरवर दिसली तरी माणूस इतका जळणार नाही, इतका मी त्या आठवड्यात जळलो. जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही. गावात कुजबूज होती की बाईने तिला बोलावलं आहे. बाय गेली तर माझा बोर्ड उतरवून त्याचे पाट करावे लागले असते. बावीस टेबलं तिच्या दोन हातांवर उभी होती हे मला ठाऊक होतं, फक्त तिला ते ठाऊक नसावं अशी माझी इच्छा होती. मी चुलीजवळ नवा पंखा बसवला. नवा मिक्सर आणला. कुडाळहून ॲप्रन शिवून आणला, त्यावर लाल दोऱ्याने 'मुख्य शेफ' भरून घेतलं. तिने मिक्सर ठेवून घेतला, पंख्याखाली मिरच्या वाळत घातल्या आणि ॲप्रन तवा धरायला घेतला.

शेवटी शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, "बाय, तू पलीकडे जातंस काय?"

ती बांगडे साफ करत होती. "तिना माका इचारल्यान हा. आयतवारापर्यंत सांगूचा आसा."

मी विचारलं, काय देते ती जास्त? बाय म्हणाली, जास्त काही नाही. फक्त मासा आणायला बंदरावर तिला जायला मिळेल.

मी हसलो. मालवणच्या बंदरावरचा लिलाव हा माझा दरबार. पहाटे मी तिथे पोचलो की विकणाऱ्या बायका म्हणायच्या, शेट इले, आता खोटो मासो खपाचो नाय. शेटांचो डोळो म्हणजे डोळो. पाटीवरचा पहिला मासा मी असा उचलायचो, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघायचो, आणि तो मासा मान खाली घालायचा. मग अख्खी पाटी घ्यायचो. मी बायला म्हटलं, मासा ओळखायला जन्म जातो.

तिने हातातली कोयती खाली ठेवली. "इतकी वर्सां मी हंय रांधतंय. मासो बरो आसा काय, असा तुमी माका एकदा तरी इचारलास?"

"इचारूचा काय? मासो मी हाडतंय. तो बरोच आसता."

तिने पाटीतला तळाचा एक बांगडा काढला, माझ्यासमोर पाटावर ठेवला आणि कल्ला उघडला. आत तपकिरी, चिखलासारखं. "ह्यो कधीचो?"

"आजचो."

"ह्यो परवाचो, भाऊ. वरचे दोन आजचे. खालचे सगळे बर्फातले." मग ती म्हणाली, "म्हणान मी तिरफळां घालतंय. इतकी. वास दाबूक."

मी त्या बांगड्याकडे बघत राहिलो. तो खापरपणजा, तो कप्तान, ते बुडतं जहाज, सगळं त्या तपकिरी कल्ल्यात बुडालं. मी एवढंच विचारलं, आणि अगदीच वाईट असतील ते? ती म्हणाली, मागच्या दारी मांजरांना घालते. माझ्या खानावळीमागची मांजरं वासराएवढी आहेत. मी आजवर लोकांना सांगत होतो की माझ्या अंगणात मुकं जनावरसुद्धा उपाशी राहत नाही.

पण खरं सांगतो, मला चटका बसला तो ह्याचा नाही. मला एकदम कळलं की त्या दिवशी गोलात बसून तिने काय सांगितलं होतं. तिथे ती हेच सांगून आली होती: मी शेटला खरं सांगत नाही आणि तिरफळ घालत राहते, ही माझी चूक. म्हणजे बाईला ठाऊक, तिच्या भांडीवालीला ठाऊक, माझ्या ताटफोड्याला ठाऊक. माझ्या घरातलं खरं रस्ता ओलांडून आधी तिच्या अंगणात गेलं, आणि माझ्याकडे सगळ्यांच्या शेवटी आलं.

मी म्हटलं, "माका सांगूक नाय. तिका सांगलंस."

तिने बांगडा परत पाटीत टाकला. "थंय चूक सांगल्यार कोण आरडणा नाय," ती म्हणाली. "तुमका सांगतलो कोण?"

शनिवारी मी चार वाजता सगळ्यांना बसवलं. ह्या खेपेला गाबोळी नव्हती, काहीच नव्हतं. मी ठरवलं होतं की हळू बोलायचं. पण हळू बोलायची माझ्या गळ्याला सवय नाही. कबुलीसुद्धा मी ओरडूनच दिली. मी म्हटलं, मला मासा ओळखता येत नाही. बंदरावरच्या बायका माझी स्तुती करतात आणि मी पाटी उचलतो. जेवण उशिरा आटपणारं कोपऱ्यातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पलीकडच्या अंगणातलं हसणं थांबलं. भोगव्यातही पोचलं असणार. मला वाटलं, आता उठावं. मग मिठाचा तो सोलकढीवाला म्हणाला की ते तर सगळ्यांना माहीतच होतं. आणि कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या घशाशी आलेलं मी परत गिळलं. लोक म्हणतात समुद्र गिळायला अगस्ती लागतो. त्याने मला त्या वेळी बघायला हवं होतं.

मी बायकडे न बघता म्हटलं, सोमवारी बंदरावर कोण येतं माझ्याबरोबर?

ती उठली. मोरीशी जाऊन हात धुतले, पुसले. मग म्हणाली, "मी निवडतलंय. तुमी पाटी धरा. आणि थंय तोंड उघडूचा नाय."

रविवारी ती रस्ता ओलांडून बाईला नाही सांगून आली. मला वाटलं, आता बाई चिडेल, बोलणं टाकेल. त्यासाठी मी दारात उभासुद्धा राहिलो होतो. तिने बायला जवळ घेतलं, घरचा केक बांधून दिला आणि रस्त्याच्या त्या कडेवरून मला हात केला. राग तरी यायला हवा होता तिला, निदान थोडा. एवढंसुद्धा ह्या बाईने मला मिळू दिलं नाही.

सोमवारी पहाटे बंदरावर मी पाटी घेऊन बायच्या मागे उभा. बायकांनी सवयीने सुरू केलं, शेट इले, शेटांचो डोळो. बायने वरचे चार मासे बाजूला सारले, कोपरापर्यंत हात पाटीत घातला आणि तळाचा मासा वर काढला. स्तुती तिथल्या तिथे थांबली. दुसऱ्या पाटीशी गेलो तर तिथे आधीच शांतता. तिसऱ्या पाटीशी एक म्हातारी तिला म्हणाली, ये गो बाये, बघ, ह्यो आजचो आसा. माझ्याकडे कोणी बघितलंच नाही. तिच्या त्या हाताचाही मला हेवा वाटला. माझ्या दरबारात तिने पाच मिनिटांत माझं सिंहासन उचलून पाटीखाली ठेवलं. मी तोंड उघडलं नाही. दोनदा उघडलं, पण आवाज काढला नाही.

असे आम्ही रोज जाऊ लागलो. पाचव्या की सहाव्या दिवशी परत येताना रिक्षात ती गप्प होती. तशी ती गप्पच असते, पण हे गप्प राहणं वेगळं. मागे पाट्यांतून बर्फाचं पाणी गळत होतं. तारकर्लीच्या वळणावर तिने बाहेर बघत म्हटलं, "भाऊ, आज माजी एक चूक झाली."

माझ्या तोंडात सवयीने जे भरून आलं ते सगळं दातांमागे अडवून मी म्हटलं, "सांग."

आणि तिने सांगितली. सगळी, शेवटपर्यंत, माझ्याकडे तोंड करून. मी विचारलं, मग उद्या काय करूया? आम्ही देवबाग येईपर्यंत त्यावर बोललो.

खानावळीसमोर उतरलो तेव्हा बाई समोर अंगण झाडत होती. मला वाटलं, जावं. जावं आणि सांगावं की माझ्या बायने आपली चूक मला सांगितली, तुला नाही, आणि चूकही अशी की तुझ्या अख्ख्या पंगतीच्या वर्षभराच्या चुका तिच्यापुढे चिल्लर. मी निघालोसुद्धा. अर्धा रस्ता ओलांडला. बाजूने एसटी आली, तिने हॉर्न दिला, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा.

आयुष्यभर मी गोष्टी फुगवून सांगत आलो. एवढासा बांगडा असला तर देवमासा केला. आता माझ्यापाशी एकच गोष्ट होती जी फुगवायची गरज नव्हती, आणि ती फक्त मला सांगितलेली होती. बाईने झाडू थांबवून विचारलं, काय भाऊ? मी म्हटलं, काय नाय, खुर्ची न्यायला आलो होतो.

हे सगळं लिहू का म्हणून मी बायला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, पण ती चूक नको. म्हणून ती लिहीत नाही.